ओळ भुईवर पडू दिली

माणूस म्हातारं झालं की राग निवतो म्हणतात. कोण म्हणतं देव जाणे. माझा काही निवला नाही, आणि निवावा असं मला वाटतही नाही. नवऱ्याला मी समोर अहो-जाहो करते, अजूनही करते. इथे करणार नाही. इथे तो नुसता 'तो'.

आमच्या घरात कवितांचं एक पुस्तक आहे. अंगानं किरकोळ, वर त्याचं एकट्याचं नाव. त्यातल्या सगळ्या कविता नात्यांवरच्या आहेत, नवरा-बायकोच्या, भावाभावांच्या, सासू-सुनेच्या, आणि सगळ्या दोन-दोन ओळींच्या जोडीनं चालतात. प्रत्येक जोडीतली पहिली ओळ त्याची आहे. दुसरी माझी. हे पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही, म्हणून मी लिहिते आहे.

टीव्ही रंगीत व्हायच्या आधीची गोष्ट. लग्न होऊन मी शिंदखेड्याकडच्या खेड्यातून जळगावात आले. त्याची सरकारी नोकरी, भाड्याच्या दोन खोल्या, आणि त्याला कवितेचा नाद. कचेरीतून आला की कागदांची चवड मांडीवर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात बसायचा. तिथे जरा वारा यायचा, म्हणून. एक ओळ लिहायचा, ती मोठ्यानं दोनदा म्हणायचा, आणि मग अडायचा. अडला की पेन दातात धरून छताकडे बघत राहायचा. जळगावच्या उन्हाळ्यात मी स्टोव्हसमोर घामानं निथळत होते आणि हा छताकडे बघत होता, म्हणून एक दिवस माझं डोकं फिरलं.

तो म्हणत होता, "तू आलीस आणि घराला घरपण आलं." पुन्हा म्हणाला, "तू आलीस आणि घराला घरपण आलं."

मी भाकरी उलटवली आणि म्हटलं, "आणि माझं होतं ते तिकडेच राहून गेलं."

मला वाटलं, आता हा चिडणार. पण त्यानं घाईघाईनं ओळ लिहून घेतली आणि म्हणाला, "अगं, हे कुठं शिकलीस तू?"

कुठं शिकणार? मांडवात शिकले. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी, हळदीला, नवरदेवाकडच्या बायका एका बाजूला बसतात आणि नवरीकडच्या दुसऱ्या. एक बाजू गाण्यात ओळ फेकते. दोनदा म्हणायची आणि थांबायचं. तेवढ्यात समोरच्या बाजूनं ती झेलून उत्तर द्यायचं. त्यात माझ्या मोठ्या मावशीचा, अक्काचा, हात धरणारी बाई पंचक्रोशीत नव्हती. माझ्याच लग्नात ह्याच्याकडच्या बायकांनी आमच्या अहिराणीत ओळ फेकली होती, "आमना नवरदेव शिकेल शे, चष्मा लावस." अक्का पानाला चुना लावत होती. मान वर न करता म्हणाली, "चष्मा काढीसन इचारा, नवरी तरी दिसस का." मांडव हसून आडवा झाला. नवरदेव बाहेर मित्रांबरोबर सरबत पीत होता. बायकांच्या गोंधळाकडे पुरुष कान देत नाहीत, तसा त्यानंही दिला नाही. दिला असता तर पुढचं त्याचं हसं टळलं असतं.

लहानपणी मी अक्काच्या मांडीला मांडी लावून बसायची. ती सांगायची, "ओळ भुईवर पडू देवानी नही, पोरी." ओळ पडली तर काय, त्याचाही नियम होता. झेलणारी गप्प राहिली तर फेकणारीनं स्वतःची ओळ स्वतः पुरी करून दाखवायची. तीही अडली, किंवा तिनं आधीच कुणी म्हटलेलं उष्टं-पाष्टं पुढे केलं, तर तिची बाजू हरली. हरलेल्यांनी जेवणाच्या पंगतीत पदर खोचून समोरच्या बायकांना वाढायचं. माझी आजी सांगायची की अक्कानं आयुष्यात कधी वाढलं नाही, कायम बसून जेवली.

तर असं आमचं सुरू झालं. तो दारात, मी स्टोव्हपाशी. तो ओळ टाकायचा, मी झेलायची. खोटं कशाला बोलू, फार गोड दिवस होते ते. धाकटी नणंद लग्न होऊन जामनेरला गेली, तेव्हा तिला पाचोऱ्याच्या स्टेशनावर छोट्या गाडीत बसवून आलो आम्ही. दुसऱ्या दिवशी तो दारात बसून म्हणाला, "बहिणीचा हात सुटला स्टेशनवर." दोनदा म्हणाला. मी म्हटलं, "गाडी तिची होती, धूर माझ्या डोळ्यांत." त्यानं कागद खाली ठेवला आणि रडला. नंतर मीही रडले. भाजी करपली ती तशीच खाल्ली. नवरा-बायकोचं ह्यापेक्षा जवळचं काही असतं हे मला कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं.

दर रविवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत कवींची बैठक व्हायची. बायका जात नसत, म्हणजे कुणी मना केलं नव्हतं, पण जात नसत. तो तिथून आला की चपला काढायच्या आधी सांगायचा, "आपली स्टेशनची कविता गाजली आज." मी त्या 'आपली'वर आठवडा काढायची. पुढे केव्हातरी तो "माझी स्टेशनची कविता" म्हणायला लागला. मी म्हटलं, बोलण्याच्या ओघात आलं असेल. शेजारची बाई एकदा म्हणाली, "तुमचे मिस्टर बाईच्या मनातलं कसं ओळखतात हो, देणगीच म्हणायची." मी तिला चहा दिला. चहात साखर घालायला विसरले, किंवा विसरले नसेनही.

मग पुस्तक निघालं. धुळ्याला त्याच्या मित्राचा छापखाना होता, तिथे छापलं. एका दुपारी पुस्तकांचा गठ्ठा घरी आला. मी हात पुसून सुतळी सोडली. वर त्याचं नाव, आत त्याचं नाव, मागं त्याचा फोटो. अर्पणपत्रिकेत मी होते. तिथे छापलं होतं, "जिच्या हातच्या भाकरीवर ह्या कविता वाढल्या, तिला." माझं नाव तिथेही नव्हतं. भाकरीचं होतं.

तो घरी आल्यावर मी विचारलं, "ह्यात माझ्या ओळी आहेत ना?"

"आहेत की. म्हणून तर तुला अर्पण केलं."

"अर्पण नको. नाव कुठंय?"

तो हसला. समजूत काढायच्या आवाजात म्हणाला, "अगं, पहिली ओळ माझी असते. पहिली ओळ म्हणजे बी. ज्याचं बी, त्याचं पीक. दुसरी ओळ काय, पहिली चांगली असली की आपोआप येते."

"बी दुकानातही मिळतं," मी म्हटलं.

"आता तू भांडायलाच बसलीस," असं म्हणून त्यानं पेपर उघडला. पेपरामागून म्हणाला, "आणि उद्या लोक म्हणतील, ह्याला बायकोच्या कुबड्या लागतात. बरं दिसतं का ते?"

तिथे मला सगळं कळलं. आयत्या बिळावर नागोबा बसतो हे लहानपणापासून ऐकलं होतं, पण बीळ खणणारीला तो वर उपदेश करतो हे त्या दिवशी पाहिलं. मी त्या रात्री त्याला जेवायला वाढलं, व्यवस्थित वाढलं. आणि ठरवलं की ह्याला आता उत्तर नाही.

दुसऱ्या दिवशी तो दारात बसला. "दार उघडं होतं, तरी कुणी आलं नाही." दोनदा म्हणाला. मी मिरच्या खुडत होते. खुडत राहिले. तो थांबला, खाकरला, तिसऱ्यांदा म्हणाला. अक्काची शपथ सांगते, उत्तर माझ्या जिभेच्या टोकावर होतं. मी ते गिळलं. ओळ भुईवर पडली, आयुष्यात पहिल्यांदा मी पडू दिली, आणि मला इतकं बरं वाटलं की मिरच्यांचे हात डोळ्याला लागले तरी जाणवलं नाही. बऱ्याच वेळानं त्यानं स्वतःच पुरी केली, "कारण कुणी येणारच नव्हतं, म्हणून आलं नाही." वाचून दाखवली. "कशी आहे?" म्हणाला. मी म्हटलं, "आपोआप आली वाटतं."

प्रकाशन धुळ्याला ठरलं होतं. हॉल मोठा, आणि रिकाम्या खुर्च्यांची त्याला भारी धास्ती. तो मला म्हणाला, "तुझ्या माहेरच्यांना बोलाव ना. शिंदखेड्याहून धुळं काय लांब? चार बायका आल्या तर हॉल भरलेला दिसेल." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. त्यानं स्वतःच्या तोंडानं बोलावणं धाडलं. मी माझ्या तोंडानं एक अक्षर सुचवलं नव्हतं.

मी निरोप घेऊन स्वतः गेले. अक्का तोवर थकली होती, पण तोंड शाबूत होतं. ओट्यावर बसून तिला सगळं सांगितलं. अर्पणपत्रिका वाचून दाखवली. तिनं विचारलं, "तो ओळ दोनदा म्हणस?"

"दोनदा म्हणतो. मग डोळे मिटून थांबतो. टाळ्या येतात ना तेव्हा."

अक्कानं तंबाखू मळून गालात धरली. मग म्हणाली, "तुनी ओळ शे, ते तुना तोंडथून येवाले जोयजे. दुसरानं तोंडे कसी काय?" आणि आत बघून सुनेला सांगितलं, "बठ्ठ्या बायास्ले सांग, धुयाले जानं शे."

त्या सगळ्या धुळ्याला आल्या. एस्टीतून उतरल्या, नऊवारी, डोक्यावर पदर, हॉलच्या डाव्या बाजूच्या रांगा भरून बसल्या. मी अक्काशेजारी बसले. तो व्यासपीठावरून बघून खूश झाला. अध्यक्ष म्हणून एक निवृत्त प्राध्यापक आले होते, सगळा खानदेश ज्यांच्यापुढे जपून बोलायचा असे. भाषणं झाली. 'स्त्रीमनाचा जाणकार' असं कुणीतरी म्हणालं. तेव्हा अक्कानं माझ्याकडे नुसतं बघितलं.

मग तो वाचायला उभा राहिला. नवा झब्बा, मी इस्त्री केलेला. "तू आलीस आणि घराला घरपण आलं." दोनदा म्हणाला, डोळे मिटले आणि थांबला.

मी बसल्या जागेवरून म्हटलं, "आणि माझं होतं ते तिकडेच राहून गेलं."

मांडवातला आवाज होता तो, माझाच मला ओळखू आला नाही. पुढच्या रांगांतले पुरुष मागं वळले. आमच्या बायकांनी "हां" केलं, मांडवात करतात तसं. त्यानं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, आणि हसल्यासारखं केलं. दुसरी कविता घेतली. "बहिणीचा हात सुटला स्टेशनवर." ह्या वेळी तो थांबणार नव्हता, पण सवय वाईट असते. दोनदा म्हणाला आणि थांबला.

"गाडी तिची होती, धूर माझ्या डोळ्यांत," मी म्हटलं.

पुढच्या रांगेतला एक जण मांडीवरचं पुस्तक बघत म्हणाला, "छापलंय तेच म्हणताहेत बाई." अध्यक्षांनी चष्मा कपाळावर सरकवला. "बाई, तुम्हाला पुस्तक पाठ आहे?"

मी उभी राहिले. राग माणसाला उभं ठेवतो. म्हटलं, "पाठ कशाला करू, सर? दुसऱ्या ओळी माझ्याच आहेत."

हॉलमध्ये कुजबूज झाली. त्याला अजून संधी होती. हे मी आजही सांगते. तो एवढंच म्हणाला असता की हो, आहेत, तर मी तिथल्या तिथे सगळं विसरले असते आणि घरी जाऊन पुन्हा झेलत बसले असते. पण तो माइकमध्ये म्हणाला, "आमच्या सौभाग्यवतींचा स्वभाव विनोदी आहे. घरीही असंच चालतं." लोक हसले. माझ्या कानशिलात गरम सळई गेली.

अध्यक्ष हसले नाहीत. म्हणाले, "मग एक नवीनच होऊन जाऊ द्या. तुम्ही ओळ द्या, बाई पुरी करतील. खरं-खोटं आपोआप दिसेल."

त्याला नाही म्हणता येईना. घाम पुसला, जरा विचार केला. आणि चांगली ओळ दिली, ते मी नाकारत नाही. "एका छताखाली दोघं, मधे नुसता दिवा." दोनदा म्हणाला.

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. उत्तर मला आलं. क्षणात आलं, आजवर आलेल्या सगळ्या ओळींपेक्षा चांगलं आलं. मी तोंड उघडलं, आणि वर बघितलं. तो माझ्याकडे बघत होता. त्या डोळ्यांत भीती नव्हती. वाट बघणं होतं, स्वयंपाकघराच्या दारातलं. ही देणार, ही कधी देत नाही असं झालंच नाही, असं. त्यानं पेनसुद्धा खिशातून काढून हातात धरलं होतं.

मी खाली बसले.

तो पुन्हा म्हणाला, "एका छताखाली दोघं, मधे नुसता दिवा." मी पदर सारखा केला. कुणीतरी म्हणालं, "बाईंना येत नाही." त्यावर अक्का काठी टेकून उभी राहिली. अध्यक्षांना म्हणाली, "तिनी पडू दिनी. आते ज्यानी ओळ फेकी, त्यानीच उचलो. आमनाकडे असाच रिवाज शे."

अध्यक्ष खानदेशातलेच. त्यांनी मान हलवली आणि माइककडे हात केला, "बरोबर आहे. करा पुरी."

तो माइकपुढे तसाच उभा राहिला. पंखे फिरत होते. एका छताखाली दोघं, मधे नुसता दिवा. ओठ हलत होते, आवाज नाही. शेवटी म्हणाला, "आणि... दिव्याखाली अंधार."

मागून एक जण म्हणाला, "ते आम्हाला शाळेतच शिकवलंय, साहेब." मग हॉल हसला, आणि ह्या वेळी मला नाही हसला. अध्यक्ष हसले नाहीत, ते त्याला जास्त लागलं असावं. त्यांनी आपल्या हातातलं पुस्तक मिटलं, टेबलावर पालथं घातलं आणि पाणी मागितलं.

कार्यक्रमानंतर हॉलच्या अंगणात पाहुण्यांना वरणबट्टीचं जेवण होतं. आमच्या बायका ओळीनं पानावर बसल्या, अक्का मधोमध. त्याला बोलावून म्हणाली, "जवाईबुवा, आते वाढा." तो इकडे-तिकडे बघायला लागला. त्याच्या कुणी मित्रानं, छापखानेवाल्यानंच बहुतेक, हसत हसत तुपाचं भांडं त्याच्या हातात दिलं. त्यानं वाढलं. सगळ्या रांगेला वाढलं, नव्या झब्ब्यावर तुपाचे डाग पडले. माझ्यापाशी आला, वाकला, आणि हळूच म्हणाला, "किती वाढू?"

"पुरे म्हणेपर्यंत वाढा," मी म्हटलं.

आणि पुरे म्हटलं नाही. तूप बट्टीवरून पानावर आलं, पानावरून जमिनीवर. तो वाकून धार धरून होता. अक्का खाली मान घालून जेवत होती, पण तिचे खांदे हलत होते. त्या जेवणाची चव माझ्या तोंडातून अजून गेली नाही.

परतीच्या एस्टीत तो पारोळ्यापर्यंत झब्ब्यावरचे डाग रुमालानं पुसत होता. मग खिडकीकडे बघत म्हणाला, "पुढच्या पुस्तकावर दोघांची नावं टाकू."

मी म्हटलं, "पुढचं पुस्तक कुठलं?"

खरंच कुठलं? निघालंच नाही. रविवारी बैठकीला जाणं त्यानं हळूहळू सोडलं. दारात मात्र बसायचा. ओळी टाकायचा, कधी पेपर वाचता वाचता सहज, कधी दुखणं काढून उठल्यावर. मी एकही झेलली नाही. लोक म्हणतात, एवढं कशाला ताणायचं. ज्यांचं गेलं नाही त्यांनी म्हणावं. माझीही कविता त्यात गेली, हे मला कळत नाही असं नाही. पहिली ओळ टाकायला मी कधी शिकलेच नाही, मांडवात मला झेलायला बसवलं होतं. पण त्याची गेली ह्यात मला जो आनंद आहे, तो माझी गेली ह्या दुःखापेक्षा थोडा जास्तच भरतो.

पुढे कितीतरी वर्षांनी, स्वतःचं घर झाल्यावर, एका संध्याकाळी वीज गेली. मी कंदील लावून मधे ठेवला आणि भाजी निवडायला बसले. तो समोर बसला होता, केस पांढरे, चष्मा जाड. बराच वेळ कंदिलाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "एका छताखाली दोघं, मधे नुसता दिवा." थांबला. आणि अगदी हळू, मागितल्यासारखं, दुसऱ्यांदा म्हणाला.

हॉलमध्ये आलेलं उत्तर माझ्याजवळ जसंच्या तसं होतं, एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता. मी म्हटलं, "जरा सरका, मेथीवर सावली पडतेय."

तो सरकला. ते उत्तर अजून माझ्याजवळ आहे. इथे लिहिलं असतं, शेवट छान झाला असता. पण हे छापून आलं की तो वाचणार, चष्मा पुसून पहिल्यापासून वाचणार, आणि शेवटी ती ओळ असेल म्हणून घाईघाईनं इथपर्यंत येणार. म्हणून लिहीत नाही.